नेरूळच्या तळ्यावर वेगळा कुरव दिसला? ‘दुर्मीळ’ म्हणण्याआधी हे तपासा

हिवाळा सुरू झाला की नेरूळच्या डीपीएस तळ्यावरच्या पांढऱ्या पक्ष्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्रामवर फिरू लागतात. खाली बहुतेकदा एकच नाव असतं : सीगल. पण सीगल ही एक जात नाही. मराठीत कुरव म्हणतात त्या पक्ष्यांच्या अनेक जाती आपल्या किनाऱ्यावर येतात. त्यातला दुर्मीळ कोणता, हे कळायला आधी नेहमीचे ओळखता यायला हवेत.

नेहमीचे कोण?

काळ्या डोक्याचा कुरव : हिवाळ्यात याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त गडद ठिपका. उडताना पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो.

तपकिरी डोक्याचा कुरव : थोडा मोठा. पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके. प्रौढ पक्ष्याचा डोळा फिकट. हा लडाख, तिबेटकडच्या उंच सरोवरांवर वीण करतो.

पलासचा कुरव : या दोघांपेक्षा खूपच मोठा, जाड पिवळी चोच आणि टोकाजवळ काळा-लाल पट्टा.

फसगत कुठे होते?

वयात. लहान कुरवांना प्रौढ रंग यायला साधारण दोन वर्षं लागतात, मोठ्यांना चार. त्यामुळे तपकिरी ठिपक्यांचा ‘वेगळा’ पक्षी बहुधा नेहमीच्याच जातीचं पिल्लू असतं. खरा पाहुणा म्हणजे, उदाहरणार्थ, सूटी गल. हा तांबडा समुद्र आणि ओमानकडचा. गडद डोकं, मानेवर पांढरी अर्धी पट्टी, करडी-तपकिरी पाठ.

कधी जावं, काय टिपावं?

भरतीच्या वेळी. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी तळ्यांवर विसाव्याला येतात. बसलेल्या पक्ष्याचा एक आणि पंख पसरलेल्याचा एक फोटो हवाच. शेजारी दुसरा पक्षी असेल तर आकार कळतो. चोच, पाय आणि डोळ्याचा रंग तिथेच लिहून ठेवा.

नोंद कुठे करायची?

ई-बर्डवर. त्या भागात सहसा न दिसणारी जात नोंदवली की अ‍ॅप तपशील मागतं आणि स्थानिक जाणकार ती तपासतात. गूगल लेन्सनं सुचवलेलं नाव पुरावा ठरत नाही. आणि जवळचा फोटो मिळावा म्हणून शेव-गाठी टाकू नका. तळलेलं, खारट खाणं हे त्यांचं अन्न नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

शेजारच्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. सुमारे ३० एकरांचं डीपीएस तळं मात्र भरतीच्या पाण्यावर जगतं. ते पाणी अडलं की तळं आटतं आणि पक्षी जातात. एप्रिल २०२५ मध्ये ते संवर्धन राखीव करण्यास राज्यानं मंजुरी दिली. अशा जागेवर कोणते पक्षी येतात हे सांगायला तारीख, ठिकाण आणि फोटो असलेली नोंद लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो दोन दिवसांत वाहून जातो, नोंद मागे राहते. नेहमीच्या कुरवांची नोंदही तितकीच कामाची.