रिपोर्टमधल्या इओसिनोफिल आणि पुण्याचं गाजरगवत

सीबीसीचा रिपोर्ट हाती आला की हिमोग्लोबिन बघून आपण कागद घडी करून ठेवतो. खाली ‘इओसिनोफिल १२ टक्के’ असं दिसलंच, तर घरातलं कुणीतरी ‘जंत झालेत’ म्हणून मोकळं होतं. पुण्यात तरी एवढ्या घाईने ठरवू नये.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, लेशमन रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ही पांढरी पेशी चटकन नजरेत भरते. जांभळ्या केंद्रकाच्या दोन पाकळ्या आणि भोवती ठासून भरलेले नारिंगी-लाल कण. इओसिन नावाचा रंग हे कण शोषून घेतात. त्यावरूनच पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये ही पेशी वेगळी ओळखली. त्या कणांत जहाल प्रथिनं असतात.

न्यूट्रोफिल जीवाणूला गिळतात, पण जंताची अळी पेशीच्या मानाने अगडबंब, ती गिळणार कशी? मग लिम्फोसाइट पेशी इंटरल्यूकिन-५ सोडतात, त्याने अस्थिमज्जेत इओसिनोफिलची पैदास वाढते आणि त्या अळीला घेरून कणांतलं विष तिच्या अंगावर ओततात. अर्थात, हे घडतं ते जंत ऊतींमधून फिरतो तेव्हा. गोलकृमीची अळी फुप्फुसातून जाते, अंकुशकृमीची अनवाणी पायातून शिरते, तेव्हा आकडा चढतो. जंत आतड्यात स्थिरावला की तो पुष्कळदा उतरतो. अमीबा किंवा मलेरियात सहसा वाढतच नाही.

ॲलर्जीत हीच यंत्रणा परागकणांवर उठते. गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याचे पराग नाकात गेले की मास्ट पेशींमधून हिस्टामिन सुटतं, मिनिटांत शिंका सुरू होतात. काही तासांनी इओसिनोफिल येतात आणि जंतासाठीचं विष श्वासनलिकेच्याच अस्तरावर सांडतात. मात्र हेच गवत उपटताना हातावर उठणारी खाज वेगळी. तिथे मुख्य काम लिम्फोसाइटचं, तेही एक-दोन दिवसांनी; रक्तातल्या इओसिनोफिल तेव्हा अगदी नॉर्मल असू शकतात.

आता ते १२ टक्के. एकूण पांढऱ्या पेशी ९,००० असतील तर इओसिनोफिल १,०८० होतात. ४,००० असतील तर ४८०. साधारण ५०० ची मर्यादा धरली, तर पहिला आकडा वाढलेला, दुसरा मर्यादेत. टक्केवारीपेक्षा हा गुणाकार महत्त्वाचा. तो ३,००० च्या वर असेल आणि रात्री कोरडा खोकला उसळत असेल, तर दमा समजून थांबू नका. हत्तीरोगाच्या जंतामुळेही असं होतं, आणि विदर्भात तो रोग जुना आहे. त्यावर डीईसी हे औषध आहे.

डॉक्टरांना खोकल्याची वेळ, अनवाणी चालणं, राहिलेली गावं, चालू औषधं सगळं सांगा. स्टिरॉइड चालू असेल तर रक्त देण्याआधीच सांगा, कारण ते इओसिनोफिल काही तासांत खाली आणतं आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो.