निळ्या काचेतला धातू आणि आपलं रक्त

तळेगाव दाभाड्यात १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला, तो लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडातून. काचेला गर्द निळा रंग द्यायचा, तर जगभरचे काचकारागीर हजारो वर्षं एका धातूकडे वळत आले आहेत. तो म्हणजे कोबाल्ट. वितळलेल्या काचेत अगदी थोडा पडला, तरी ती निळीशार होते.

हाच कोबाल्ट या क्षणी तुमच्या शरीरातही आहे! बी-१२ या जीवनसत्त्वाच्या रेणूत एकूण १८१ अणू असतात आणि त्यांच्या ऐन मध्यभागी कोबाल्टचा एकच अणू बसलेला असतो. जीवनसत्त्वं वेगळी, खनिजं वेगळी असं आपण शाळेत शिकलो. इथे तर खनिज हेच जीवनसत्त्वाचं हृदय आहे. शिवाय काचेला निळी करणाऱ्या या धातूभोवती रचलेल्या बी-१२चे जे स्फटिक तयार होतात, ते चक्क लालभडक असतात. हा गुंतागुंतीचा रेणू कसा रचलेला आहे, हे डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने १९५०च्या दशकात उलगडलं. १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याला दिवसाला बी-१२ लागतं किती? दोन-अडीच मायक्रोग्रॅम. साखरेच्या एका दाण्याच्या वजनाएवढं बी-१२ तुम्हाला वर्षभर पुरून उरेल!

आणि एवढंसं बी-१२ बनवणं कुणाला जमतं? झाडांना नाही, प्राण्यांना नाही, आपल्याला तर नाहीच. हे काम फक्त सूक्ष्मजीवांचं. मावळातल्या डोंगरउतारावर चरणारी म्हैस घ्या. मातीतला कोबाल्ट गवतात येतो, गवत म्हशीच्या पोटात जातं, तिथले जिवाणू तो कोबाल्ट उचलतात आणि त्याच्याभोवती उरलेले १८० अणू रचतात. मग तयार झालेलं बी-१२ म्हशीच्या रक्तात, दुधात आणि तिथून आपल्या वाटीतल्या दह्यात येतं. हाच रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून घडवायला रॉबर्ट वुडवर्ड आणि अल्बर्ट एशेनमोझर यांच्या चमूंतल्या सुमारे शंभर रसायनशास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्या मोठ्या आतड्यातही बी-१२ बनवणारे जिवाणू असतात. मग अडचण काय? बी-१२ शोषून घेणारी जागा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अलीकडे. घरातच तयार झालेला माल दाराच्या पलीकडे पडतो आणि वाया जातो. म्हणून बी-१२ तोंडावाटेच यावं लागतं.

तोंडातून रक्तापर्यंतचा त्याचा प्रवास तर थक्क करणारा आहे. जठरातलं आम्ल त्याला अन्नातल्या प्रथिनापासून सोडवतं. सुटताक्षणी लाळेसोबत आलेलं एक प्रथिन त्याला कवेत घेतं आणि आम्लापासून जपतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस या पहिल्या सोबत्याला मोडून टाकतो. तोवर दुसरा सोबती हजर असतो. जठराच्या अस्तरातून निघालेलं हे खास प्रथिन बी-१२ला धरून थेट आतड्याच्या टोकापर्यंत नेतं. तिथल्या पेशी दोघांची जोडी ओळखतात, मगच आत घेतात. रक्तात तिसरा सोबती त्याचा ताबा घेतो. दुसरा सोबती तयारच झाला नाही, तर तुम्ही कितीही दूध प्या, त्यातलं बी-१२ जवळजवळ सगळं तसंच निघून जातं.

एवढा थाट कशासाठी? आपल्या शरीरातल्या केवळ दोन रासायनिक क्रियांसाठी! पण त्यातली एक अडली, की पेशींना नवा डीएनए बनवता येत नाही. अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी जन्मतात. डीएनए नाही, तर विभाजन नाही. पेशी नुसत्या फुगत जातात, संख्येने कमी पडतात आणि माणूस पांढराफटक पडतो.

याच अडलेल्या क्रियेचं दुसरं टोक सापडलं ते मुंबईत. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर भारतात आली. गिरण्यांमधल्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचं कारण ती परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये शोधत होती. बायका काय खातात इथपासून तिने सुरुवात केली. तसाच आहार प्रयोगातल्या प्राण्यांना दिला. ते आजारी पडले आणि यीस्टच्या अर्काने बरे झाले. मग मार्माइट नावाचा तोच स्वस्त, काळपट अर्क बायकांना दिला, तर त्याही सावरल्या! १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. यकृताचा शुद्ध केलेला अर्क तेव्हा अशाच एका रक्तक्षयावर रामबाण ठरत होता, पण तो या बायकांना लागू पडेना. म्हणजे कमी होती ती दुसऱ्याच कशाची तरी. ते दुसरं म्हणजे आजचं फॉलिक ॲसिड. यकृतातला रामबाण पदार्थ पुढे बी-१२ ठरला.

दोन वेगळे पदार्थ, दोघांच्या अभावी रक्तात दिसणारं चित्र मात्र एकच. कारण दोघं एकाच क्रियेत गुंतलेले आहेत. बी-१२ नसेल, तर शरीरातलं फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच रूप, निरुपयोगी अवस्थेत अडकून पडतं. अशा माणसाला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, तर रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन वर येतं, सगळ्यांना हायसं वाटतं. बी-१२च्या अभावी होणारी मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते, कारण तिथे बी-१२ला पर्याय नाही. एका जीवनसत्त्वाने दुसऱ्याची उणीव झाकून ठेवावी, याहून चकवणारं काय असेल?

ही गाठ आपल्या पुणे जिल्ह्यात किती घट्ट आहे, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवलं. १९९३ पासून त्यांनी जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेटची कमतरता मात्र फक्त एकीत सापडली. भाकरीबरोबरच्या पालेभाज्या आणि डाळी, वर फॉलिक ॲसिडच्या सरकारी गोळ्या, त्यामुळे फोलेट भरपूर होतं. पुढे मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. ज्यांच्या आईच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांचं शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. मधुमेहाच्या वाटेवरचं हे पाऊल, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटात! २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर त्यांची दखल घेतली गेली.

म्हणून एवढं करा. गरोदरपणातलं फॉलिक ॲसिड मुळीच बंद करू नका, बाळाच्या मेंदूसाठी आणि मणक्यासाठी ते हवंच. पण सोबत बी-१२ तपासायला डॉक्टरांना सांगा. शाकाहारी असाल, तर चहातल्या दुधावर विसंबू नका. रोज दोन-तीन पेले दूध, दही किंवा ताक पोटात जाऊ द्या. अंडी, मासे खात असाल तर उत्तमच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत असाल, तर बी-१२चं शोषण कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येत असतील, तर ते वयावर ढकलू नका, आधी रक्त तपासून घ्या.