‘पेठला जायचंय’ म्हणजे नक्की कुठे? कम्प्युटरलाही हाच प्रश्न पडतो

पुण्यात कुणी “मी पेठेत राहतो” म्हणालं, की आपण विचारतो, सदाशिव, नारायण की शनिवार? सांगलीकडे ‘पेठ’ म्हटलं की हायवेवरचा पेठ नाका. आणि नाशिकच्या पंचवटीत उभं राहून “पेठला जायचंय” म्हणालात, तर लोक पेठ रोडकडे बोट दाखवतील. सावळघाट ओलांडून तुम्ही थेट गुजरातच्या सीमेलगतच्या तालुक्याच्या गावी पोहोचाल. शब्द एकच, पण तुम्ही कुठे उभे आहात त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

फाइलच्या पत्त्याचंही असंच असतं. हे न कळल्यामुळे माझे नऊ दिवसांचे आकडे गेले.

झालं असं, की मी पावसाळ्यात पेठ तालुक्यातल्या पावसाची नोंद ठेवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ती गावांची यादी वाचायची आणि त्या दिवसाचे आकडे उतरवून घ्यायची. हाताने चालवली की मस्त चालायची. मग ती ‘क्रॉन’ला, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं करणाऱ्या प्रोग्रामला, दिली आणि विसरून गेले. नऊ दिवसांनी बघते तर एकही नोंद नाही. एरर मात्र रोज येत होती: अशी फाइल किंवा फोल्डर नाही. फाइल तर समोर दिसत होती! आकडे ज्या पानावरून घ्यायचे तिथे फक्त त्याच दिवसाचे असायचे, त्यामुळे गेले ते गेले.

चूक एका ओळीत होती. मी पत्ता दिला होता नुसता ‘गावं.टेक्स्ट’.

युनिक्समध्ये (आणि लिनक्समध्ये, म्हणजे तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही) कुठल्याही प्रोग्रामला फाइल हवी असेल तर तो कर्नलकडे मागतो. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. फाइल उघडायचा कॉल आहे ‘ओपन’. कर्नल पत्त्याचं पहिलं अक्षर बघतो. ते तिरकी रेघ, म्हणजे ‘/’, असेल तर शोध मुळापासून सुरू होतो: /घर/पाऊस/गावं.टेक्स्ट. हा अ‍ॅब्सोल्यूट पाथ. रेघ नसेल तर तो रिलेटिव्ह, आणि शोध सुरू होतो प्रोग्राम ‘उभा’ असलेल्या फोल्डरपासून. (मराठीत सापेक्ष-निरपेक्ष म्हणतात, पण ते ऐकलं की भौतिकशास्त्राचा तास आठवतो.)

गंमत अशी, की ही उभं राहायची जागा प्रत्येक प्रोग्रामची वेगळी असते, आणि ती त्याला सुरू करणाऱ्याकडून वारशाने मिळते. स्क्रिप्टची फाइल कुठे ठेवली आहे याच्याशी तिचा काही संबंध नाही. मी हाताने चालवायचे तेव्हा ‘पाऊस’ फोल्डरमध्ये असायचे. क्रॉन मात्र काम सुरू करतो युजरच्या होम फोल्डरमधून. तिथे गावांची यादी नव्हतीच.

मग सगळीकडे पूर्ण पत्ताच का देऊ नये? कारण तीच स्क्रिप्ट मैत्रिणीच्या लॅपटॉपवर गेली, की ‘/घर/पाऊस’ तिथे नसतं. म्हणून स्क्रिप्टने आधी स्वतःचं फोल्डर शोधावं, ‘सीडी’ करून तिथे जावं आणि मग छोटे पत्ते वापरावेत. पण तिथे पोहोचता आलं नाही तर पुढचं काहीही न करता थांबावं. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची.

जानेवारी २०१५ मध्ये ‘स्टीम’ या गेमिंग अ‍ॅपच्या लिनक्स आवृत्तीत हीच अट नव्हती. स्क्रिप्ट स्वतःचं फोल्डर शोधायची आणि ‘या फोल्डरखालचं सगळं पुसा’ म्हणायची. एका युजरकडे फोल्डर सापडलंच नाही, नाव रिकामं राहिलं आणि उरली फक्त ‘/’. म्हणजे मुळापासून सगळं! त्याच्या स्वतःच्या फाइल्स गेल्या, जोडलेल्या ड्राइव्हवरचा बॅकअपसुद्धा.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी तिसरा मार्गही आहे, ‘ओपनॅट’. यात “मी उभा आहे तिथून” ऐवजी “या उघडलेल्या फोल्डरपासून शोध” असं सांगता येतं. मधल्या काळात कुणी त्या फोल्डरचं नाव बदललं तरी फरक पडत नाही.

जाता जाता, फाइलला मराठी नाव खुशाल द्या. लिनक्सला नावात फक्त ‘/’ आणि शून्य बाइट चालत नाहीत. पण नावाची मर्यादा सहसा २५५ बाइट्स असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपतो.

माझ्या स्क्रिप्टमध्ये आता सुरुवातीला दोन ओळी जास्त आहेत. आणि एरर आली की फोनवर मेसेज येतो.