कोंबडीच्या पिलांचे लिंगनिदान

कोंबडीचे पिलू नर आहे की मादी, हे ते लहान असतानाच ओळखण्याच्या क्रियेस लिंगनिदान म्हणतात. अंड्यांतून नर व माद्या जवळजवळ सारख्याच संख्येने निपजतात. परसात दहा-पंधरा पक्षी पाळणाऱ्या कुटुंबाला तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) राखावयाच्या असतात व एखाददुसरा सोडून बाकीचे नर विकावयाचे असतात. निदान चुकल्यास अंडी देऊ शकणारी तलंग बाजारात जाते आणि नको असलेला नर महिनोन् महिने दाणा खात राहतो.

पक्ष्यांमध्ये लिंगनिश्चिती मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते. नरात दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीत एक झेड व एक डब्ल्यू असते. त्यामुळे पिलाचे लिंग अंड्यावर कवच चढण्यापूर्वीच ठरलेले असते. अंड्याचा आकार अंडवाहिनीत घडतो. निमुळत्या अंड्यातून नर व गोल अंड्यातून मादी निघते, ही पुष्कळ ठिकाणी आढळणारी समजूत त्यामुळे निराधार ठरते. पिलावर दोऱ्याला टांगलेली अंगठी धरून ती कशी फिरते हे पाहण्याची पद्धतही तशीच होय. निम्मी उत्तरे योगायोगानेच बरोबर येत असल्याने ती टिकून राहिली आहे.

एक दिवसाच्या पिलाचे निदान अवस्कर (विष्ठा व जननमार्ग यांचे सामाईक द्वार) तपासून करता येते. नराच्या अवस्कराच्या आतील कडेवर गोलसर, चकचकीत व लवचिक असा सूक्ष्म उंचवटा असतो. मादीत तो नसतो किंवा चपटा असतो. कियोशी मासुई व त्यांचे सहकारी या जपानी शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि १९३३ मध्ये त्यांचे याविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. निष्णात तपासनीस शंभरांपैकी पंचाण्णवाहून अधिक पिले अचूक ओळखतो. तथापि काही माद्यांतही लहानसा उंचवटा असतो व अननुभवी हाताने पिलाला इजा होते, म्हणून घरगुती पालकाने हा प्रयोग करू नये हेच बरे.

विशिष्ट संकरांत रंगावरून किंवा पिसांवरून निदान होते. ऱ्होड आयलंड रेड नर व रुपेरी रंगाचा जीन (आनुवंशिक घटक) असलेली मादी, उदा., लाइट ससेक्स, यांच्या संकरात नर पिले फिकट पिवळी, तर माद्या तांबूस निपजतात. लवकर पिसे येणारा नर व उशिरा पिसे येणारी मादी यांच्या संकरातील माद्यांची पंखांवरील प्राथमिक पिसे आच्छादक पिसांहून स्पष्टपणे लांब असतात. नरांत ती सारखी किंवा आखूड असतात. हा फरक पहिल्या एकदोन दिवसांतच पहावा लागतो. ही लक्षणे फक्त त्या ठराविक जोडीच्या पहिल्या पिढीस लागू पडतात. गावठी कोंबड्यांचे रक्त अनेक पिढ्या मिसळलेले असल्याने त्यांच्या पिलांना हे नियम लावणे म्हणजे फसगत करून घेणे होय.

परसातील पिलांच्या बाबतीत वाट पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे. चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास बहुतेक जातींत नराचा तुरा आणि चोचीखाली लोंबणाऱ्या मांसल पाळ्या मादीपेक्षा मोठ्या व लाल होऊ लागतात, पायही जाड दिसतात. एकाच वयाची व एकाच जातीची पिले शेजारी ठेवून तुलना केल्यासच या खुणांना अर्थ राहतो. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातल्या कडकनाथ जातीत तुरा काळसर असल्याने लालीची खूण उपयोगी पडत नाही. असीलचा तुरा नर-मादी दोहोंतही लहान असतो. सर्वांत भरवशाची खूण पिसांच्या आकाराची. साधारण तिसऱ्या महिन्यापासून नराच्या मानेवर व पाठीच्या मागील भागावर लांब, टोकदार व चकचकीत पिसे दिसू लागतात, तर मादीची त्याच जागची पिसे गोलसर टोकाची राहतात. शेपटीत कोयत्यासारखी वळलेली पिसे त्यानंतर येतात. मादीच्या पिसांना गोलाई अंडाशयातील स्त्रीजनक हॉर्मोनांमुळे येते. कोंबडीचा एकच, डावा, अंडाशय कार्यक्षम असतो. तो रोगाने निकामी झाल्यास वयस्क कोंबडीलाही नरासारखी पिसे येतात व ती क्वचित आरवतेही. पायावरील आरी काही माद्यांतही वाढते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. दांडगाई करणारे पिलू नरच असते असेही नाही.

अंड्यांसाठी पैदास केलेल्या जातींचे नर मांसासाठी फारसे फायद्याचे नसतात. त्यामुळे मोठ्या उबवणूक केंद्रांत निदानानंतर ते पहिल्याच दिवशी मारण्याची प्रथा पडली. जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून तिच्यावर बंदी घातली. तेथे उबवणीच्या काळातच निदान करण्याची तंत्रे वापरात आली असून त्यांपैकी एकात अंड्यातील द्रवाचा सूक्ष्म नमुना घेऊन मादी-हॉर्मोन तपासतात, तर दुसऱ्यात कवचातून प्रकाश सोडून गर्भाच्या पिसांचा रंग पाहतात. हे दुसरे तंत्र नर व मादी यांचे रंग भिन्न असणाऱ्या तपकिरी अंड्यांच्या संकरांपुरतेच चालते.