मोठं पिंप, बारीक पिंप

बडोद्यात राहून वाइनवर लेख लिहायचा म्हणजे आधी खुलासा करणं भाग आहे. राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६०पासून गुजरातेत दारूबंदी आहे, आणि आपल्या मंडळाच्या अंकाचे निम्मे वाचक माझ्या आईवडिलांना ओळखतात. तेव्हा सांगून टाकतो, या लेखात जे काही प्यायलं गेलं ते इटलीत प्यायलं गेलं. कंपनीने मला आठ महिन्यांसाठी तोरिनोला पाठवलं होतं. एका कारखान्यातली जुनी संगणक प्रणाली काढायची आणि नवी बसवायची, असं काम. जुनं काढून नवं बसवणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे, आणि बारोलोची गोष्ट मला एवढी लागली ती बहुधा त्यामुळेच.

तोरिनोच्या दक्षिणेला, गाडीने तासा-सव्वा तासावर लांगे नावाच्या टेकड्या आहेत. लाटांसारख्या एकामागून एक, आणि प्रत्येक उतारावर द्राक्षांच्या ओळी. २०१४मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. त्यातच बारोलो नावाचं सातशेएक वस्तीचं गाव आहे. एक किल्ला, एक मुख्य रस्ता, शनिवार-रविवारी मात्र जगभरची गर्दी. गावाच्या नावाने जी वाइन विकली जाते ती या आणि आसपासच्या, मिळून अकराच गावांच्या हद्दीत होते, आणि ती फक्त नेब्ब्योलो नावाच्या एकाच काळ्या द्राक्षाची लागते. नेब्ब्या म्हणजे धुकं. ऑक्टोबरात टेकड्या धुक्यात बुडतात तेव्हा हे द्राक्ष खुडतात. इतर द्राक्षं तोवर केव्हाच घरी आलेली असतात. अंकुर सगळ्यांच्या आधी, पिकणार सगळ्यांच्या नंतर. शेतकऱ्याला घोर लावणारं पीक. नाशिकचा माझा मामेभाऊ ऑक्टोबरात छाटणी करतो आणि फेब्रुवारीत खुडणी. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे अवकाळी पाऊस त्यांनापण सुटला नाही तर!" पाऊस आहेच, वर गारपीटही आहे.

आता ही वाइन दिसते कशी? नावाच्या मानाने अगदी फिकी, कोकमाचं सरबत जरा पातळ झालं तर दिसेल तशी. वास गुलाबाचा आणि डांबराचा, असं पुस्तकात वाचलं होतं तेव्हा मी हसलो होतो, पण पेल्यात नाक घातलं आणि पटलं. चवीसाठी मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे: तुरट. ओली सुपारी चावली की जीभ आखडते ना, तशी ही वाइन तरुणपणी जीभ आखडते. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन, त्याचा हा प्रताप. म्हणून ती मुरवावी लागते. लोणच्याला लावतो तेच क्रियापद मी मुद्दाम वापरतोय, कारण दुसरं कुठलं इतकं बसत नाही. कायदाच असा आहे की खुडणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने झाल्याशिवाय बाटलीवर बारोलो हे नाव लावून ती बाजारात आणता येत नाही, आणि त्यातले किमान १८ महिने ती लाकडाच्या पिंपात असली पाहिजे. 'रिझेर्वा' लिहायचं असेल तर ६२ महिने.

लाकडाचं पिंप, हे कायद्यात आहे. ते केवढं असावं हे कायदा सांगत नाही, आणि भांडण तिथेच झालं.

जुन्या पद्धतीत द्राक्षांचा रस सालींसकट महिना-दीड महिना आंबू देतात आणि मग ओकच्या प्रचंड पिंपांत भरतात. दोन हजार, तीन हजार, पाच हजार लिटरची पिंपं, कित्येक दशकं वापरलेली. इतक्या जुन्या लाकडाला स्वतःची चव उरलेली नसते. ते फक्त हवा अगदी हळूहळू आत झिरपू देतं आणि वाइन आपल्या गतीने मऊ होते. याउलट फ्रान्समधून आलेलं लहान पिंप २२५ लिटरचं. त्याचं नाव मराठी माणसाला कधी विसरता येणार नाही: बारीक! बारीक पिंप नवं कोरं असतं, त्याला व्हॅनिलाचा, भाजलेल्या लाकडाचा वास असतो. भूमितीचा हिशोब मी फावल्या वेळात करून पाहिला. आकार तोच धरला तर तीन हजार लिटरच्या पिंपाच्या तुलनेत बारीक पिंपात दर लिटर वाइनला जवळजवळ २.४ पट लाकूड लागतं. म्हणजे चव लवकर चढणार, तुरटपणा लवकर उतरणार, माल लवकर विकला जाणार. नव्या पंथाच्या लोकांनी सालींसकट आंबवण्याचा काळही महिन्यावरून आठवड्याच्या आत आणला.

आपण लांबून म्हणतो, परंपरा टिकवावी. पण त्या परंपरेत तेव्हा खायला काय होतं तेही पाहावं. १९५०-६०च्या दशकांत लांगेतली तरुण पोरं शेती सोडून तोरिनोत मोटारींच्या कारखान्यात, नाहीतर जवळच्या आल्बा गावात फेरेरोच्या कारखान्यात जात होती. (आपल्या पोरांची न्यूटेला त्याच आल्बाची.) लहान शेतकरी द्राक्षं व्यापाऱ्याला विकायचा, भाव व्यापारी ठरवायचा. हे आपल्याला काही नवीन नाही. त्यात १९८६मध्ये पिएमोन्ते भागातल्या स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचं उघड झालं. वीसहून अधिक माणसं दगावली. बारोलोवाल्यांचा त्यात काही संबंध नसताना सगळ्या भागाचं नाव खराब झालं.

ला मोर्रा गावचा एलिओ आल्तारे हा अशाच एका शेतकऱ्याचा मुलगा. सत्तरच्या दशकात तो बर्गंडीला गेला, आपल्याएवढीच जमीन असलेले तिथले शेतकरी सुखात जगताना पाहून आला. घरी त्याने वडिलांशी वाद घातला, आणि १९८३मध्ये यांत्रिक करवत घेऊन तळघरातली वडिलांची मोठी पिंपं कापून काढली. वडिलांनी त्याला वारसातून काढून टाकलं आणि समेट न होताच ते गेले. आल्तारेला पुढे आपल्याच घरची जमीन भावंडांकडून विकत घ्यावी लागली. त्याच्यासारख्या तरुणांच्या टोळीला जग 'बारोलो बॉइज' म्हणू लागलं. त्यांच्या वाइनला अमेरिकेत भरभरून गुण मिळाले, गावात पैसा आला.

दुसरं घर बारोलो गावातल्याच मास्कारेल्लोंचं. पहिलं महायुद्ध संपल्यावर जुलिओ मास्कारेल्लोने हा व्यवसाय सुरू केला, मग मुलगा बार्तोलो, आता नात मारिया तेरेसा. पाच हेक्टरांच्या आसपास जमीन, म्हणजे आपल्या हिशोबाने बारा-तेरा एकर. त्यांचे बारोलोचे उतार चार: कान्नुबी, सान लोरेन्झो आणि रुए हे बारोलो गावात, आणि रोक्के शेजारच्या ला मोर्रात. या चारही उतारांची द्राक्षं एकत्र करून ते एकच बारोलो करतात. यामागचा विचार खास शेतकऱ्याचा आहे. एका उताराची द्राक्षं सुगंध देतात, दुसऱ्याची अंग, आणि एखाद्या वर्षी एकावर गारा पडल्या तर बाकीचे सांभाळून घेतात. पुढे एकेका उताराचं नाव बाटलीवर छापायची पद्धत आली. कान्नुबी हे तर त्यातलं सर्वांत नामांकित नाव, त्या नावाने बाटली अधिक भावाने गेली असती. मास्कारेल्लोंनी वेगळी बाटली काढली नाही.

बार्तोलो शेवटची वर्षं चाकांच्या खुर्चीत होता. तळघरात उतरणं बंद झालं तेव्हा टेबलाशी बसून तो बाटल्यांची लेबलं हाताने रंगवायचा. त्यातलं एक फार गाजलं: 'नो बारीक, नो बर्लुस्कोनी'. गृहस्थ डाव्या विचारांचा, आणि दोन्ही नावडत्या गोष्टी एकाच लेबलात निकालात काढल्या. २००५मध्ये तो गेला. मारिया तेरेसा भाषा शिकलेली. तिला करवत हातात घ्यायला कोणी अडवणार नव्हतं. पण सिमेंटच्या टाक्या, मोठी पिंपं, चार उतारांची एकच बारोलो, सगळं आहे तसं आहे. या घराला कित्येक वर्षं संकेतस्थळसुद्धा नव्हतं. माझ्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला हे आधी पटलं नाही, मग हेवा वाटला.

मला कोण बरोबर वाटतो, असं मित्र विचारतात. आल्तारेने बऱ्याच गोष्टी दुरुस्त केल्या हे मान्य करावं लागेल. जुन्या तळघरांत अस्वच्छता होती, पिंपं कुजलेली असत, आणि वेलावर वाट्टेल तेवढे घड ठेवले जात. कच्चे घड कापून जमिनीवर टाकायचे म्हणजे राहिलेले नीट पिकतात, हे त्याच्या पिढीने रुजवलं. म्हाताऱ्यांना ते पाप वाटायचं. आज पारंपरिक म्हणवणारेही ते करतात. दुसरीकडे नव्या पंथातले बरेचजण गाजावाजा न करता मोठ्या पिंपांकडे परतले आहेत, कारण व्हॅनिलाचा वास चढला की बारोलोची वाइन आणि दुसऱ्या देशाची वाइन ओळखू येईनाशी होते. माझं मत मास्कारेल्लोंच्या बाजूला झुकतं. जुनं म्हणून नाही. त्यांना आपलं मोठं पिंप काय काम करतं ते नेमकं ठाऊक होतं म्हणून. आमच्या धंद्यातही, जुनी प्रणाली कशासाठी होती हे कळलेला माणूस विरळाच भेटतो.

आता पेच वेगळाच आहे. बारोलोत चांगल्या द्राक्षमळ्याची किंमत हेक्टरी दहा लाख युरोंच्या पुढे गेली आहे, आणि नामांकित उतारांची त्याच्या कितीतरी पट. तीन भावंडांपैकी एकाला वाइन करायची असेल तर उरलेल्या दोघांना त्यांचा वाटा तो कुठून देणार? २०१६मध्ये व्हिएत्ती हे इथलं जुनं नावाजलेलं घर एका अमेरिकी कुटुंबाने विकत घेतलं, तेव्हा तोरिनोच्या माझ्या सहकाऱ्याच्या घरी म्हणे आठवडाभर त्याचीच चर्चा होती. त्याच्या आजोळी अडीच एकर मळा आहे आणि वाटणीचे हक्कदार सहा. हे सांगताना तो थांबला, मीही काही बोललो नाही. आमच्या बेळगावकडच्या शेताचे सातबाऱ्यावर झालेले तुकडे मला आठवत होते.

त्याच सहकाऱ्याच्या आईने एका रविवारी मास्कारेल्लोंची २०१०ची बाटली उघडली. सोबत तायारिन, म्हणजे अंड्याच्या बलकात मळलेल्या, शेवयांहून जराशा रुंद शेवया, वर फक्त लोणी आणि चीज. ऐंशीच्या आजीपासून सगळ्यांनी अर्धा-अर्धा पेला घेतला, जेवणाबरोबर, बोलत-बोलत, आणि बाटली संपली तशी दुसरी कोणी काढली नाही. तुरटपणा होता, पण आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर येते तशी गोडी त्यामागून येत होती.

परत येताना मी एका साध्याशा घरची बारोलो आणली, मास्कारेल्लोंची आपल्या खिशाला परवडणारी नाही. बडोद्याला आणणं शक्यच नव्हतं, म्हणून ती पुण्याला आत्याकडे कपाटात आडवी ठेवलीय. बूच ओलं राहावं म्हणून ती आडवीच ठेवायची असते. आत्या दर फोनला विचारते, "अरे, ती सांडेल, उभी करू का?" अजून सहा वर्षं तरी नको, असं सांगितलंय.