उंच पोरांची पारख

बर्फावरील हॉकीत अठरा वर्षांचा सव्वासहा फुटी पोरगा दिसला, की पारखी त्याच्या अंगलटीची स्तुती करतात आणि पायांना नावे ठेवतात. ही घाई आम्हांस पटत नाही. त्यात पोराची भाकरी अडकलेली असते. हाडे आधी वाढतात, बळ मागून येते. तोवर गुडघे पुरते वाकत नाहीत, पाऊल आखूड पडते. म्हणून नुसता सरळ धावेचा वेग पाहू नये. वळताना तोल राहतो का, उलटे सरकताना बैठक खाली असते का, थांबून पुन्हा वेग घ्यायला किती पावले लागतात, हे पाहावे. (उंची मोजून माणूस घेणारे मुकादम आम्ही पुष्कळ पाहिले!) स्लोव्हाकियाचा झ्डेनो चारा सहा फूट नऊ इंचांचा. १९९६ च्या निवडीत त्याच्याआधी पंचावन्न जण उचलले गेले. २००९ साली सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्यालाच मिळाला.