पात्रता वेळ गाठणारी पहिली

निशा मिलेट या पात्रता वेळ गाठून ऑलिंपिकमध्ये पोहलेल्या पहिल्या भारतीय महिला. जन्म २० मार्च १९८२, बंगळुरू. पाच वर्षांच्या असताना त्या बुडता बुडता वाचल्या. पोहायला यायलाच हवे, हा हट्ट वडील ऑब्रे यांचा. १९९१मध्ये चेन्नईच्या शेणॉय नगरच्या तलावावर त्यांनीच मुलीला पाण्यात उतरवले. पुढे बंगळुरूत बसवनगुडी अ‍ॅक्वाटिक सेंटरमध्ये प्रदीप कुमार यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. १९९९च्या मणिपूरमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यांनी १४ सुवर्णपदके जिंकली. १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारी पहिली भारतीय महिला हा मानही त्यांचाच. २०००मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्यांच्या नावापुढे ‘पहिली’ हे विशेषण सैलपणे लावले जाते आणि त्यात जुन्या जलतरणपटूंवर अन्याय होतो. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या डॉली नाझीर आणि अवघ्या ११ वर्षांच्या आरती साहा पोहल्या होत्या. १९९६मध्ये अटलांटाला संगीता राणी पुरी गेल्या होत्या. तेव्हा ऑलिंपिकच्या पाण्यात उतरलेली पहिली भारतीय स्त्री मिलेट नव्हे. घड्याळाची अट पुरी करून गेलेली पहिली मात्र त्याच. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये २०० मीटर फ्रीस्टाइलला त्यांनी आपली हीट जिंकली, पण उपांत्य फेरी लाभली नाही. पात्रतेची अट नसलेल्या खास प्रवेशावर आलेला इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी याच ऑलिंपिकमध्ये १०० मीटरला १ मिनिट ५२.७२ सेकंद घेऊन जगभर गाजला. वेळ गाठून आलेल्यांची चर्चा त्या मानाने झालीच नाही.

२००२मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. अथेन्सची पात्रता अगदी थोडक्यात हुकली. २००४मध्ये तिथे बंगळुरूच्याच शिखा टंडन पोहल्या. मिलेट स्पर्धेतून निवृत्त झाल्या आणि बंगळुरूत स्वतःची अकादमी काढून शिकवू लागल्या.

या शिकवण्याचे मोल नंतरच्या नोंदी पाहिल्यावर कळते. रिओला शिवानी कटारिया, टोकियोला माना पटेल आणि पॅरिसला १४ वर्षांची धिनिधी देसिंगू, या तिघी सार्वत्रिक कोट्यातून गेल्या. हा कोटा वेळ न गाठलेल्या देशांसाठी राखलेला असतो. शिवानी आणि धिनिधी यांची शर्यत मिलेट यांचीच, २०० मीटर फ्रीस्टाइल. या मुलींच्या मेहनतीत खोट काढण्याचे कारण नाही. उणे आहे ते त्यांच्यामागच्या व्यवस्थेत. मिलेट यांनी गाठलेल्या वेळेनंतर देशाने मुलींसाठी पुरेसे तलाव आणि पुरेसे प्रशिक्षक उभे केले नाहीत.

जिथे प्रशिक्षक टिकून राहिला तिथे फळ दिसले. मिलेट यांना घडवणाऱ्या प्रदीप कुमार यांना २०१६मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांचाच शिष्य साजन प्रकाश जून २०२१मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहला आणि ऑलिंपिकला थेट प्रवेश देणारी अधिक कडक ‘अ’ पात्रता वेळ गाठणारा पहिला भारतीय ठरला. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे गेला. २०१०च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य त्याने आणले.

बंगळुरू ज्या राज्याची राजधानी, त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातले मेहकर हे गाव आहे. इथल्या मांजरा नदीच्या खोऱ्यातली पोरे पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत आली आहेत. अशा शिक्षणाने दम येतो, भीती जाते. पण २०० मीटरला ५० मीटरच्या तलावात तीन वेळा भिंतीवर वळावे लागते, पहिल्या शंभरात जोर राखून ठेवावा लागतो. हे विहिरीत शिकता येत नाही. त्यासाठी तलाव लागतो, आणि काठावर घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस लागतो. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या क्रीडा खात्याने मिलेट यांच्यासारख्या निवृत्त खेळाडूंना उन्हाळी शिबिरांसाठी इकडे बोलवावे, आणि सीमाभागातल्या शाळांनी त्यासाठी मागणी लावून धरावी.